दुकानात तपासणीला आलेला माणूस नेमका कोणत्या खात्याचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. बेळगावच्या शहापुरात तुमचं मिठाई-फरसाणाचं दुकान आहे, मागे भट्टी आहे. चार कामगार, त्यातले दोघे रात्री माळ्यावर झोपतात. सोळा वर्षांचा पुतण्या संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. मागच्या आठवड्यात दोघे जण आले. ‘कॉर्पोरेशनचे’ म्हणाले, मागचं गटार बघितलं, पाण्याची टाकी उघडली, कामगारांचं रजिस्टर मागितलं, फोटो काढले, कानडीतला एक कागद हातात देऊन सही घेतली आणि ‘दोन दिवसांत ऑफिसला येऊन भेटा’ असं सांगून गेले. एवढं सगळं बघायचा त्यांना अधिकार आहे का, दुकान सील होईल का आणि ‘भेटा’ म्हणजे काय समजायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी याच जिल्ह्यातल्या नगरपालिकांमध्ये हेल्थ इन्स्पेक्टर होतो, आता निवृत्त आहे. म्हणजे तुमच्या दारात जे उभे होते त्यांच्या बाजूने मी हे काम केलेलं आहे. त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला आवडणार नाहीत, काही त्यांनाही आवडणार नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे ‘कॉर्पोरेशनचे’ या शब्दावर थांबायचं नाही. दुकानात शिरणारी सरकारी माणसं निदान चार वेगवेगळ्या दारांतून येतात आणि प्रत्येकाचा हात ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो. महापालिकेचा हेल्थ इन्स्पेक्टर येतो तो १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याखाली. त्याचा विषय ट्रेड लायसन्स, कचरा, गटार, संडास, पाणी, शेजाऱ्याला होणारा उपद्रव. खाद्यपदार्थाचा नमुना घेणारा येतो तो राज्याच्या अन्नसुरक्षा खात्याचा अधिकारी, त्याचा कायदा केंद्राचा, २००६ चा. कामाचे तास, सुट्टी, पगार, हजेरीपट बघणारा लेबर इन्स्पेक्टर कामगार खात्याचा. त्याचा महापालिकेशी काहीही संबंध नाही, तो १९६१ चा कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा घेऊन येतो. आणि तराजू तपासणारा वैधमापनवाला चौथा.

तेव्हा तुमच्याकडे आलेल्यांपैकी एक जण महापालिकेचा असेल तर गटार आणि टाकी त्याच्या कक्षेत आली. हजेरीपट नाही. कधीकधी दोन खात्यांची माणसं मिळून फिरतात, विशेषतः बालकामगारांच्या मोहिमेत, त्यात गैर काही नाही. पण मग दोघांनी आपापली ओळख सांगायची आणि दोघांचे कागद वेगळे असायचे. ओळखपत्र मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. ‘साहेब, बसा, चहा सांगते, नाव आणि हुद्दा वहीत लिहून घेते’ एवढं म्हटलं की खरा माणूस लिहून देतो. जो लिहायला कुरकुरतो त्याच्याकडे जरा नीट बघायचं.

आता एक घोळ, जो फक्त आपल्या सीमाभागात होतो. मराठीत शोधलं की मराठीत उत्तर मिळतं, पण ते उत्तर महाराष्ट्राचं असतं. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन कळवलं की झालं, हे मला कितीतरी दुकानदारांनी छातीठोकपणे ऐकवलंय. ते खरं आहे, पण कोगनोळीच्या नाक्यापलीकडे. तो महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा. आपल्याकडे दुकान सुरू झाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी करायची, आता ती ई-कार्मिक पोर्टलवर होते, आणि पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमच्याकडे चार माणसं आहेत म्हणून सुटका नाही. जुन्या मंडळींच्या डोक्यात आणखी एक थर असतो: १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा १९४८ चा मुंबईचा दुकाने कायदा इथे लागू होता आणि त्याची अंमलबजावणी नगरपालिकेकडे असे. म्हणून आजही आजोबा सांगतात की ‘शॉप अ‍ॅक्ट म्हणजे म्युनिसिपालटी’. आज तसं नाही. तसंच २०११ पर्यंत भेसळीचा जुना, १९५४ चा कायदा होता आणि तेव्हा आमच्यापैकी काही जण फूड इन्स्पेक्टरचंही काम बघत. आज पालिकेच्या माणसाने तुमच्या पेढ्याचा नमुना ‘तपासायला’ म्हणून किलोभर बांधून नेला तर तो नमुना नव्हे.

हद्दीचंही एक बघून घ्या. शहापूर महापालिकेत आहे. पण कॅम्पात दुकान असतं तर कॅन्टोन्मेंट बोर्ड आलं असतं. निपाणीला नगरसभा, खानापूरला पट्टण पंचायत, आणि हिंडलगा किंवा येळ्ळूरसारख्या गावात ग्रामपंचायतीचा पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. नियमांचा गाभा सारखाच, पण अर्ज आणि अपील कुठे करायचं ते बदलतं.

तपासणी मुळात का झाली, याचाही विचार करा. आम्ही उगाच एखाद्या दुकानात शिरत नाही, तेवढी माणसंच खात्यात नसतात. बहुतेक वेळा मागे शेजाऱ्याची तक्रार असते, नाहीतर गल्लीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघालेले असतात, नाहीतर सण तोंडावर असतो. मिठाईच्या दुकानाबाबत शेजाऱ्याची तक्रार जवळपास नेहमी एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे तुंबलेलं चेंबर. तूप, डालडा, कढईच्या तळाचं जळकं तेल हे गरम पाण्याबरोबर मोरीत जातं तेव्हा पातळ असतं. पुढे गटारात थंड झालं की थिजतं, त्यावर बेसन आणि मैदा चिकटतो. डिसेंबरातल्या थंडीत तर पाइपात मेणासारखा थर बसतो. तुमच्या मोरीत पाणी छान वाहून जातं आणि तीन घरं पुढे कुणाच्या तरी दारात ते वर येतं. तुम्हाला कळतच नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. मोरी आणि चेंबर यांच्यामध्ये दोन कप्प्यांची छोटी टाकी बांधून घ्या, मध्ये आडवी भिंत, तिच्या तळाशी पाणी जायला वाट. तेल हलकं, ते पहिल्या कप्प्यात वर तरंगत राहतं, पाणी खालून पुढे जातं. तरंगलेला थर आठवड्यातून एकदा काढून डब्यात भरायचा. गटारात पुन्हा टाकायचा नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. आणि चेंबर किंवा शोषखड्डा तुंबला म्हणून कामगाराला आत उतरवू नका, कधीच नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे आणि तो खासगी मालकालाही लागतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवा, आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. महापालिकेचं सक्शन मशीन मागवा, पैसे भरा, पावती फाईलला लावा. ती पावती तुमच्या नोटिशीच्या उत्तरात सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

तुमच्या दुकानात शिरल्यावर मी काय बघितलं असतं ते सांगतो. काउंटरवरची चकचकीत काच नाही. ती सगळ्यांकडे चकचकीत असते. मी थेट मागे गेलो असतो आणि हात धुवायची जागा शोधली असती. नळ आहे का, त्याखाली साबण आहे का, आणि साबण ओला आहे का. कोरडा साबण म्हणजे तो इन्स्पेक्टर येणार म्हणून ठेवलेला. मग टाकीचं झाकण. मग टाकीतलं पाणी कसं काढतात: तोटीने की तांब्या बुडवून. बेळगावात अजून कितीतरी वाड्यांत विहिरी आहेत आणि विहिरीचं पाणी चांगलं लागतं म्हणून उकळीला तेच वापरतात. वापरा, हरकत नाही, पण वर्षातून दोनदा तरी तपासून घ्या. आमच्याकडे ओटी टेस्टचा छोटा डबा असे. पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन हे किमान मानलं जातं. रंगच आला नाही तर पावसाळ्यात मी तिथेच लेखी देत असे.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा परीक्षक. जून ते सप्टेंबर बेळगावात भिंती घाम गाळतात. बेसनाची, साखरेची पोती भिंतीला टेकवून थेट फरशीवर ठेवली की पंधरा दिवसांत तळाला बुरशी. लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांवर वीतभर उंचीला आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. त्या मोकळ्या जागेतून उंदराची लेंडी दिसते, हा दुसरा फायदा. घुशी येतात त्या मोरीच्या जाळीतून. जाळी तुटली असेल तर उद्याच बदला, विष टाकत बसू नका. खाद्याच्या जागी विषाची पुडी सापडली तर मी दोन मुद्दे लिहीन, एक नव्हे.

पितळी कढया आणि पातेली. कुंदा करणाऱ्या जुन्या घरांत पितळेचा मोह सुटत नाही, मला कळतं. पण कल्हई उडालेल्या पितळेत दही किंवा आंबट काही राहिलं की तांबं पदार्थात उतरतं. कल्हई करणारे आता शोधावे लागतात. सापडत नसेल तर स्टीलवर या. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरण्यावरही मर्यादा आहे. २०१८ च्या जुलैपासून तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल बाद. मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसणार, पण तेल काळं, चिकट झालं आणि फेस बसेनासा झाला की ती वेळ येऊन गेलेली असते.

रंगाचं विसरू नका. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि म्हातारीच्या केसांत (कॉटन कँडीत) रोडामिन-बी हा घातक रंग सापडल्यावर असे रंग वापरायला बंदी घातली. जून महिन्यात कबाबांवरही कृत्रिम रंगाची बंदी आली. तुम्ही गोबी विकत नाही, पण तुमच्या आचाऱ्याच्या फळीवर छापील लेबल नसलेली गुलाबी-केशरी पुडी आहे का ते स्वतः बघा. ‘ती रांगोळीची आहे’ हे उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

अन्नसुरक्षा अधिकारी खरोखर नमुना घ्यायला आला तर त्याची पद्धत ठरलेली आहे. तो तुम्हाला लेखी नोटीस देतो, साक्षीदार घेतो, नमुन्याचे चार भाग करून सील करतो आणि पदार्थाची बाजारभावाने किंमत मोजतो. ती किंमत नाकारू नका, पावती करा. चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे पाठवा, असं तुम्ही त्याच वेळी लेखी सांगू शकता, अर्थात खर्च तुमचा. सरकारी अहवाल विरुद्ध आला तर तीस दिवसांत जिल्ह्याच्या डेझिग्नेटेड ऑफिसरकडे अपील करता येतं. अस्वच्छतेबद्दल आधी ‘सुधारणा नोटीस’ येते, तिला निदान चौदा दिवसांची मुदत असते. ती पाळली नाही तर लायसन्स निलंबित होतं. अस्वच्छ जागी पदार्थ बनवण्याला एक लाखापर्यंत दंड आहे. दुकान तडकाफडकी बंद करण्याचा आदेश काढायचा तर राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांपर्यंत जावं लागतं, दारात उभ्या असलेल्या एकट्या माणसाच्या मर्जीने तो निघत नाही.

पदार्थाला हात लावणाऱ्या प्रत्येक कामगाराचं वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय टायफॉईडची लस. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाभोवती रोज पहाटे फेऱ्या मारणारे मालकसुद्धा हे विसरतात.

आता कामगारांकडे येऊ. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला गटारापेक्षा याची जास्त काळजी वाटली.

माळ्यावर झोपणारी दोन मुलं. खाली कमर्शियल सिलेंडर, भट्टीची धग, तेलाचे डबे, आणि रात्री दहाला तुम्ही शटर ओढून बाहेरून कुलूप लावून घरी जाता. तुम्ही तसं लिहिलं नाहीये, पण शहापुरात, गणपत गल्लीत, निपाणीच्या बाजारपेठेत हेच चालतं, म्हणून गृहीत धरतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे पदार्थ बनवण्याच्या जागेची राहत्या जागेशी थेट जोड नको. पण मी नियमासाठी सांगत नाही. रात्री वायरिंग पेटलं तर धूर आधी माळ्यावर चढतो आणि कुलपाची किल्ली तुमच्या उशाशी असते. त्या मुलांना जवळपास एक खोली भाड्याने घेऊन द्या, चौघांत मिळून. ते होईपर्यंत आजपासून शटर आतून उघडेल अशी कडी बसवा, रात्री सिलेंडरचे रेग्युलेटर बंद, आणि भट्टीजवळ अग्निशामक नळकांडं. घरगुती लाल सिलेंडर दुकानात दिसला तर तो आणखी एका खात्याचा विषय, तोही काढून टाका.

तासांचा हिशेब. आपला कायदा दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास म्हणतो. बहुतेक मालक फक्त पहिला आकडा लक्षात ठेवतात. रोज नऊ तास भरले तर सहा दिवसांत ५४ होतात, म्हणजे दर आठवड्याला सहा तास ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुप्पट. ओव्हरटाइम धरूनही दिवसाला दहा तासांपुढे जायचं नाही आणि तीन महिन्यांत ओव्हरटाइमचे तास ५० च्या वर नकोत. सलग पाच तासांनंतर एक तास विश्रांती. कामावर आल्यापासून सुटेपर्यंत, मधली सुट्टी धरून, बारा तासांच्या आत माणूस मोकळा झाला पाहिजे. तुमचं दुकान सकाळी सातला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. तेच चार जण दिवसभर असतील तर कोणत्याही रजिस्टरमध्ये हे बसत नाही, आणि रजिस्टरमध्ये खोटं बसवलेलं लेबर इन्स्पेक्टरला पहिल्या पानावर दिसतं. सगळ्यांची सही एकाच पेनने, सगळ्यांची वेळ बरोबर दहा ते सात.

करायचं ते असं: भट्टीचे दोघे सकाळी सहा ते दुपारी तीन, मध्ये तासभर सुट्टी. काउंटरचे दोघे दुपारी एक ते रात्री दहा, त्यांनाही तासभर. प्रत्येकाचे आठ तास, आठवड्याला सहा दिवस, बरोबर ४८. सकाळचा काउंटर तुम्ही आणि यजमानांनी बघायचा. एक ते तीन हा दोन्ही पाळ्यांचा एकत्र वेळ, तेव्हाच माल मोजून लावा. दसरा-दिवाळीत ओव्हरटाइम होणारच, तो लिहा आणि दुप्पट द्या. लिहिलेला ओव्हरटाइम तुमच्या बाजूने बोलतो.

आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, पगार न कापता, आणि कुणाची कधी ते दुकानात लावायचं. वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा. आजारपणाची वर्षाला बारा दिवसांपर्यंत वेगळी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे पाच दिवस, शिवाय सणांचे पाच, पगारी सुट्टीचे. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगावात काय वातावरण असतं ते मी सांगायला नको, पण हजेरीपटावर ती सुट्टीच आहे, कामगार मराठी असो, कानडी असो की राजस्थानचा. प्रत्येकाला नेमणूक पत्र द्या, त्याचा नमुना फॉर्म क्यू. किमान वेतनातला महागाई भत्ता दर एप्रिलला बदलतो, नवा तक्ता भिंतीवर लावा. आणि एक व्हिजिट बुक ठेवा, म्हणजे लेबर इन्स्पेक्टरला जे म्हणायचं आहे ते तो त्यात लिहील, हवेत बोलणार नाही.

पुतण्याचं काळजी करण्यासारखं नाही, पण कागद हवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा पोलिसी गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याचं काम द्यायचं नाही. तो सोळाचा आहे, गल्ल्यावर बसतो, ठीक. भट्टीजवळ उभा करू नका, संध्याकाळी सातच्या आत घरी पाठवा आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स दुकानात ठेवा. मोहिमेवरचे लोक मुलाच्या चेहऱ्यावरून वय ठरवतात, कागद दाखवला की तिथेच संपतं.

संडासाबद्दल मला जरा मोकळं बोलू द्या, कारण या विषयावर कुणी बोलत नाही. बाजारपेठेतल्या कापडाच्या, दागिन्यांच्या दुकानांत काउंटरवर उभ्या असलेल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. सार्वजनिक संडास दोन गल्ल्या पलीकडे, तिथे जाऊन यायचं तर मालक घड्याळ बघतो. मूत्रमार्गाचे आजार घेऊन त्या संध्याकाळी घरी जातात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांकडूनही मी हेच ऐकलंय, तिथे वर आणि धूळ. मी तपासणीला गेलो की कामगारांना मालकासमोर विचारत नसे. ‘इथलं टॉयलेट कुठे आहे, मला जायचंय’ असं मी स्वतःच विचारत असे. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून सगळं कळतं. तुमच्याकडे मागे एक संडास आहे म्हणता, चांगलं. त्याचं दार भट्टीच्या खोलीत उघडत असेल तर मध्ये आडोसा भिंत घाला. त्याला आतून कडी, आत बादली, बाहेर साबण. पुढे एखादी मुलगी कामाला ठेवलीत तर एवढ्यानेच ती टिकेल.

तराजूचं पटकन सांगतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का दरवर्षी, लोखंडी वजनांचा दोन वर्षांनी. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. ‘कोल्हापूरहून आलेला माल आहे’ हे स्पष्टीकरण चालत नाही. पाटीवर साठ टक्के कानडी हा २०२४ पासूनचा स्वतंत्र कायदा आहे, त्याची नोटीस स्वतंत्र येते. स्वच्छतेच्या तपासणीत कुणी पाटीवर घसरला तर वाद घालू नका, ‘त्याचा वेगळा कागद द्या’ एवढंच म्हणा. मनातलं जे असेल ते रस्त्यावर आणि मतपेटीत मांडायला जागा आहे, हेल्थ इन्स्पेक्टरसमोर नाही.

आता तो कागद. तो आजच्या आज कानडी वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या, भाचा-पुतण्या कानडी शाळेतला असतोच कुणाच्या तरी घरी. शोधायच्या तीन गोष्टी: कोणता कायदा आणि कलम, तारीख, आणि किती दिवसांची मुदत. कानडी आकडे दहाच आहेत, एका संध्याकाळी पाठ होतात आणि सीमाभागात धंदा करणाऱ्याला आयुष्यभर पुरतात. कायदा-कलम काहीच लिहिलेलं नसेल, फक्त ‘ऑफिसला भेटा’ असेल, तर ती नोटीस नव्हे, निरोप आहे. तरी त्याला लेखी उत्तर द्या.

उत्तर मराठीत दिलं तर चालतं का, हा तुमच्या मनातला प्रश्न असणार. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. तो तुमचा हक्क आहे. माझा सल्ला मात्र असा की वर मराठी आणि खाली त्याचाच कानडी मजकूर जोडा. हक्क शाबूत राहतो आणि टेबलावरच्या क्लार्कला ‘समजलं नाही’ म्हणून फाईल बाजूला ठेवायला निमित्त उरत नाही. उत्तर आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. ट्रेड लायसन्सचा किंवा शॉप अ‍ॅक्टचा नवा अर्ज करणार असाल तर ‘सकाल’चा, म्हणजे सरकारी कामं मुदतीत करून देण्याच्या राज्याच्या योजनेचा, नंबर मागून घ्या. २०११ च्या त्या कायद्याने मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, भरपाई मिळते. पैसे किरकोळ आहेत, पण नंबर पडला की अर्ज हरवत नाही.

आणि ‘भेटा’. भेटायला जा, दुपारी कामाच्या वेळेत, एखाद्याला बरोबर घेऊन, हातात उत्तराची प्रत घेऊन. तिथे दंड सांगितला तर भरा, पण पावतीवर. पावती नाही तर पैसे नाहीत, हे हसतमुखाने म्हणता येतं. त्यापुढे कुणी आडून मागणी केली तर लक्षात ठेवा, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली तर देणाऱ्याला संरक्षण आहे. तक्रार लोकायुक्तांकडे करायची. मधल्या काळात एसीबी, म्हणजे भ्रष्टाचारविरोधी पथक, होतं, ते उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केलं, आणि हे काम पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आलं. पैसे देण्याआधी तक्रार केलीत तर सगळ्यात बरं, मग सापळा लावता येतो.

दुकान सील होईल का? ट्रेड लायसन्स चालू असेल, अन्नसुरक्षेचं नोंदणीपत्र भिंतीवर असेल आणि तुम्ही मुदतीत उत्तर दिलंत, तर नाही. लायसन्सची मुदत संपली असेल तर आजच ऑनलाइन नूतनीकरणाचा अर्ज करा आणि त्याची पोच उत्तराला जोडा. उत्तरात गटाराचं काम कोणत्या तारखेला झालं ते लिहा, सक्शनची पावती, तेलाच्या टाकीचा आधीचा आणि नंतरचा फोटो, पाणी तपासणीचा अहवाल जोडा. जे झालं नाही त्याला तुमच्या तोंडाने पंधरा दिवसांची मुदत मागा. झालं नसताना ‘झालं’ असं लिहू नका, कारण पुढच्या वेळी तोच माणूस येणार आहे आणि तो आधी तेच बघेल.